तराजूत पडलेली तलवार: डच धर्मवादातली बंदी घातलेली उपहासकविता आणि ती तपासण्याची रीत

प्रश्नाचे दोन भाग आहेत. सतराव्या शतकात प्रॉटेस्टंटांची आपापसात जी धर्मभांडणं झाली, त्यांत पद्यातल्या टिंगलटवाळीवर बंदी कशी येत असे आणि ती कितपत चालत असे? आणि आज असा एखादा जुना छापील ताव किंवा त्याची स्कॅन केलेली प्रत समोर आली, तर तिच्याकडे बघायचं कसं? उत्तर हॉलंडच्या एकाच प्रकरणावरून देतो. बंदीची यंत्रणा, तिच्या फटी आणि त्या फटींतून निघालेल्या कविता हे सगळं एका शहरात, एका कवीभोवती दिसतं असं हे प्रकरण आहे. कवी योस्ट फान डेन फॉन्डेल, शहर अ‍ॅम्स्टरडॅम, काळ साधारण १६१८ ते १६३१.

‘बंदी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रोमची १५५९ पासूनची निषिद्ध ग्रंथांची यादी येते. डच प्रजासत्ताकात तसलं एकच केंद्र नव्हतं आणि छापण्याआधी प्रत्येक हस्तलिखित तपासणारं खातंही नव्हतं. स्टेट्स जनरल म्हणजे सात प्रांतांची मध्यवर्ती सभा फर्मानं काढी: बदनामीकारक पत्रकं छापू नयेत, छापील मजकुरावर लेखक, मुद्रक आणि गाव यांची नावं असावीत, वगैरे. अंमलबजावणी मात्र त्या त्या शहराच्या हातात. पुस्तक बाहेर पडल्यावर कोणीतरी तक्रार करायची, मग शहराच्या शेरीफने दुकानातल्या प्रती उचलायच्या, मग शहराच्याच न्यायाधीशांनी दंड ठोकायचा. म्हणजे बंदीचा कागद हेगहून निघे, पण तिला दात असत की नाही हे अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरसभेत कोणाचं बहुमत आहे यावर ठरे. पुढच्या सगळ्या गोष्टींची गुरुकिल्ली हीच आहे. कविता किती जहरी होती यावरून तिच्यावर बंदी आली असेल की नाही याचा अंदाज बांधू गेलात तर हमखास चुकाल.

आता भांडण. लायडन विद्यापीठात याकोबुस आर्मिनिउस आणि फ्रान्सिस्कुस गोमारुस हे दोघे धर्मशास्त्राचे प्राध्यापक. दोघेही कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकाच्याच परंपरेतले. वाद पूर्वनियोजनाचा: कोणाचं तारण आणि कोणाचा नाश हे देवाने माणसाच्या जन्माआधीच, त्याच्या विश्वासाकडे न बघता ठरवून ठेवलंय का? गोमारुस म्हणे, होय. आर्मिनिउसचं म्हणणं, कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक असतं, आणि कृपा नाकारण्याची मुभा माणसाला आहे. आर्मिनिउस १६०९ मध्ये वारला. १६१० मध्ये त्याच्या बाजूच्या पाळकांनी पाच कलमांचं निवेदन हॉलंड प्रांताच्या सभेला दिलं. निवेदनाला ‘रेमॉन्स्ट्रन्स’ म्हणत, म्हणून ते झाले रेमॉन्स्ट्रंट आणि विरोधक कॉन्ट्रा-रेमॉन्स्ट्रंट.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा वाद विद्यापीठाच्या दप्तरात राहिला असता. पण त्यात दुसरा प्रश्न गुंतला होता: मंडळीवर, म्हणजे चर्चवर, अंतिम हुकूम कोणाचा, मंडळीच्या सिनडचा (धर्मसभेचा) की नगरसभेचा? हॉलंडचा ज्येष्ठ मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेवेल्ट नगरसभांच्या बाजूने, म्हणजे ओघानेच रेमॉन्स्ट्रंटांच्या बाजूने. सेनापती राजपुत्र मॉरिट्स आधी लांब राहिला. जुलै १६१७ मध्ये तो हेगमधल्या कॉन्ट्रा-रेमॉन्स्ट्रंटांच्या उपासनेला जाऊन बसला आणि त्याने आपली बाजू जाहीर केली. ऑगस्टमध्ये हॉलंडच्या सभेने शहरांना स्वतःचे शिपाई नेमण्याची परवानगी देणारा ठराव केला. पुढच्या वर्षी मॉरिट्सने ते शिपाई बरखास्त केले आणि २९ ऑगस्ट १६१८ रोजी ओल्डेनबार्नेवेल्टला अटक झाली. नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डॉर्डरेख्टचं सिनड चाललं आणि त्यात रेमॉन्स्ट्रंटांची कलमं फेटाळली गेली. १३ मे १६१९ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ओल्डेनबार्नेवेल्टचा शिरच्छेद झाला. सुमारे दोनशे रेमॉन्स्ट्रंट पाळक पदावरून गेले आणि त्यांच्या सभांवर बंदी आली.

फॉन्डेलचा जन्म १५८७ चा, कोलोनमधला. आईबाप अँटवर्पहून परागंदा झालेले मेनोनाइट, म्हणजे फक्त प्रौढांना बाप्तिस्मा देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या वार्मूसस्ट्राटवर त्याचं रेशमी मोज्यांचं दुकान होतं. तो रेमॉन्स्ट्रंट नव्हता. १६१६ ते १६२० तो मेनोनाइटांच्या एका मंडळीत डीकन (मंडळीचा सेवक-कारभारी) होता, आणि १६४१ च्या सुमारास कॅथलिक झाला. हा तपशील नुसता चरित्रापुरता नाही. सरकारमान्य रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मंडळीच्या पाळक-वडिलांच्या सभेकडे स्वतःचं एकच हत्यार होतं: सभासदाला ताकीद देणं आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवणं. फॉन्डेल त्यांचा सभासदच नव्हता, तेव्हा त्याला दूर ठेवायचं कशापासून? त्यामुळे पाळकांना दरवेळी शिष्टमंडळ घेऊन नगराध्यक्षांच्या दारात जावं लागे आणि ‘हे आवरा’ म्हणावं लागे. तिथे दार उघडायचं की नाही हे राजकारण ठरवी.

आता एक कविता जवळून बघू. ‘तराजूवर’ या आशयाचं तिचं नाव. ती १६१८ मधल्या एका ताम्रपट चित्राखाली, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राखाली, छापली गेली. चित्रात मोठा तराजू टांगलेला, दोन बाजूंना दोन पक्षांची माणसं. कविता फक्त २२ ओळींची, प्रत्येक ओळ सात अक्षरांची, लागोपाठच्या दोन ओळींत यमक. बडबडगीताची चाल. विषय जितका जड तितकी चाल हलकी, हा पहिला डाव. गोमारुस आणि आर्मिनिउस दरबारी खऱ्या धर्माचा निवाडा मागायला येतात आणि आपापले पुरावे पारड्यात टाकतात. गोमारुसच्या पारड्यात कॅल्विन आणि त्याचा वारसदार बेझा. आर्मिनिउसच्या पारड्यात आधी वकिलाचा झगा पडतो. हा वकील म्हणजे ओल्डेनबार्नेवेल्ट, कारण त्याचं पदच हॉलंडचा ‘अ‍ॅडव्होकेट’ असं होतं. मग नगरसभेच्या गाद्या, मग शहाणा मेंदू, मग प्रत्येक शहराचे हक्क सांगणाऱ्या सनदा. गोमारुसचं पारडं वर लटकतं. तो बिचारा इकडेतिकडे बघत राहतो. एवढ्यात राजपुत्र आपली पोलादी तलवार त्याच्या बाजूला ठेवतो. बाकी सगळं हलकं ठरतं. शेवटच्या दोन ओळींत लोक गोमारुसच्या बाहुलीची पूजा करू लागतात आणि आर्मिनिउसला लाथ बसते.

यात काय आहे आणि काय नाही ते मोजून बघा. पूर्वनियोजनाबद्दल अवाक्षर नाही. कॅल्विन चुकला असं कुठेही म्हटलेलं नाही. राजपुत्राला शिवी नाही, उलट त्याचा उल्लेख अदबीने ‘माझे स्वामी राजपुत्र’ असा केलाय. कोर्टात उभं राहून कवी म्हणू शकतो की मी घडलं तेवढंच सांगितलं. पण वाचणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट उरते: निवाडा धर्माने झालाच नाही, पोलादाने झाला. आर्मिनिउसच्या पारड्यात काय काय पडलं तेही बघण्यासारखं आहे. त्यात धर्मशास्त्राचा एकही ग्रंथ नाही, आहेत ती शहरांची कायदेशीर कागदपत्रं. कवीला धर्मवादाचा खरा गाभा कुठे दिसला हे त्या यादीतच आहे. अभ्यासक ही कविता ‘आर्मिनिउसवादी’ म्हणून नोंदवतात तेव्हा ते यादी वाचत नाहीत असं माझं मत आहे.

हिचा आखूडपणा हौसेचा नाही, त्याला छापखान्याचं गणित आहे. लाकडी दाबयंत्रावर दोन माणसं लागत. एक जण कातडी गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावी, दुसरा दांडा ओढी. कसलेली जोडी तासाला साधारण दोनशे ते अडीचशे ताव एका बाजूने काढी. एका बाजूला छापलेला एकच ताव असेल तर फर्मा, म्हणजे एका वेळी छापायला जुळवून आवळलेले खिळे, एकच. सात अक्षरांच्या २२ ओळी जुळवायला जुळाऱ्याला फार वेळ लागत नाही, कारण ओळीचा अर्धा भाग तर कोराच. कागद आदल्या दिवशी ओलसर करून ठेवला असेल, तर संध्याकाळी बसून मध्यरात्रीपर्यंत पाचशे प्रती निघतात आणि लगेच खिळे सोडून पुन्हा खणांत टाकता येतात. सकाळी झडती आली तर पुरावा म्हणून जुळवलेला फर्मा सापडत नाही. सापडू शकतात ते दोरीवर वाळत घातलेले ताव. कागद ओला छापायचा म्हणजे वाळवणं आलंच, आणि चोरीच्या छपाईतली नाजूक वेळ हीच.

आता याच्याशी एका नाटकाची तुलना करा. क्वार्टो आकारात म्हणजे ताव दोनदा घडी घालून चार पानपत्रं, आठ पृष्ठं. समजा ८० पृष्ठांचं पुस्तक आहे. दहा ताव, दोन्ही बाजू धरून वीस फर्मे. पाचशे प्रतींसाठी नुसतं यंत्र ओढण्याचे पन्नासएक तास, जुळणी आणि मुद्रितं तपासणं वेगळं. एवढे दिवस काम चाललं की छापखान्यातल्या पोऱ्यालाही कळतं काय चाललंय. म्हणून लांब रचनेला लपवणं हा उपाय नसतो, तिला मुखवटा लागतो.

फॉन्डेलने तोच घेतला. ‘पालामेडेस’ ही शोकांतिका १६२५ मध्ये आली. मॉरिट्स त्या वर्षी २३ एप्रिलला वारला होता. गेरार्ट ब्रांट या फॉन्डेलच्या पहिल्या चरित्रकाराने १६८२ मध्ये लिहून ठेवलंय की, ओल्डेनबार्नेवेल्टवर नाटक लिही असं नगरसभेतल्या एका मान्यवराने सुचवलं, आणि काळ अनुकूल नाही म्हटल्यावर ‘मग दुसऱ्या नावाने लिही’ असा सल्ला दिला. ग्रीक कथा तयारच होती. पालामेडेस ट्रॉयच्या छावणीतला शहाणा माणूस. ओडिसियस त्याच्या तंबूत सोनं पुरून ठेवतो, शत्रूराजाचं खोटं पत्र बनवतो आणि फितुरीच्या आरोपाखाली पालामेडेसला दगडांनी ठेचून मारलं जातं. ओल्डेनबार्नेवेल्टने स्पेनचं सोनं घेतलं ही आवई हॉलंडभर फिरलेली होती, त्यामुळे किल्ली वाचकाच्या हातात आधीपासूनच होती. राजा आगामेम्नॉन म्हणजे मॉरिट्स हेही सांगायला नको होतं. काल्खस पुरोहित पानावर आला की वाचकांना आपल्याच शहरातले पाळक दिसत. उपशीर्षकाचा अर्थ ‘निष्पापाची हत्या’. तेवढ्यावर ओळख पटत नसेल तर मग कशाने पटणार?

मुखवटा लांब रचनेला वाचवतो, पण तो चढवला म्हणून पुस्तकावरची नावं झाकायची राहिली की घात होतो, आणि इथे झालं ते तेच. शीर्षकपानावर अ‍ॅम्स्टरडॅमचा मुद्रक-विक्रेता याकोब आर्ट्स कोलोम याचं नाव होतं, आणि लेखक कोण हेही उघड होतं. हेगमधल्या हॉलंडच्या उच्च न्यायालयाने फॉन्डेलला आमच्या ताब्यात द्या अशी मागणी केली. तो काही काळ आधी बहिणीच्या घरी आणि मग बाक या मित्रकुटुंबाकडे लपून राहिला. इथे अ‍ॅम्स्टरडॅमचा जुना विशेषाधिकार आडवा आला: नगरवासीयाचा न्याय शहरातच व्हायचा, त्याला बाहेरच्या न्यायालयात नेता येत नाही. नगराधिकाऱ्यांनी ताबा दिला नाही, स्वतःच खटला चालवला आणि ३०० गिल्डर दंड केला. एका गिल्डरचे वीस स्टायव्हर. कुशल कारागिराची साधारण वर्षभराची मजुरी या रकमेच्या आसपास जाते. दंड झोंबणारा होता, पण हेगला पाठवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार केला तर तो पदरात पाडून घेण्यासारखा होता. दोनच वर्षांपूर्वी, १६२३ मध्ये, रेमॉन्स्ट्रंट पाळक आणि पत्रकलेखक हेंड्रिकुस स्लाटिउस याचं मॉरिट्सविरुद्धच्या कटात डोकं उडवलं गेलं होतं. गुन्हा वेगळा, पण हेगमधली हवा कशी होती ते त्यावरून कळतं.

नाटकावर बंदी आली. मागणी वाढली, आवृत्त्या निघत राहिल्या. रंगमंचावर यायला मात्र त्याला जवळपास चाळीस वर्षं थांबावं लागलं. वाचण्यावर बंदी घालणं अवघड, पण नाट्यगृहाला कुलूप लावणं कोणत्याही नगरसभेला जमतं. म्हणून ‘बंदी अयशस्वी ठरली’ असं सरसकट म्हणू नये. कोणत्या माध्यमात ठरली ते विचारावं.

या काळातल्या बाकीच्या कविता झरझर घेतो. १६२७ ची एक कविता कोंबड्यांच्या खुराड्यावरची. तिच्या शीर्षकातलं वाद्य म्हणजे मडक्याच्या तोंडावर डुकराचा फुगा ताणून बसवायचा, मधोमध बोरू खोचायचा आणि तो ओल्या हाताने चोळायचा. आवाज डुकराच्या गुरगुरण्यासारखा. उपासकाळाआधीच्या सणात पोरं ते वाजवत दारोदार हिंडत. कवितेत अ‍ॅम्स्टरडॅमचे पाळक कोंबडे झालेत आणि एकाला टोचून बाहेर काढताहेत. हा एक म्हणजे कोर्नेलिस हानेकोप, कॉन्ट्रा-रेमॉन्स्ट्रंट असूनही मवाळ असल्याने सहकाऱ्यांच्या रोषाला बळी पडलेला पाळक. त्याच्या आडनावातच कोंबडा आहे. अशा कवितांत टोपणनावं कुठून आली हे शोधताना सगळ्यात आधी खऱ्या आडनावाकडे बघायचं, कारण कवी बहुधा तिथूनच सुरुवात करतो. १६३० मध्ये ‘खरारा’ आली. घोड्याच्या अंगावरची घाण काढायचा खरारा इथे राज्यकर्त्यांच्या आणि ढोंगी धार्मिकांच्या पाठीवर फिरतो. ती कवी पी. सी. होफ्टला उद्देशून आहे आणि तिच्यात त्याच्या बापाची, म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमच्या दिवंगत नगराध्यक्षाची, प्रामाणिक कारभारी म्हणून स्तुती आहे. त्याच वर्षी ‘हार्पून’. तिच्यात चांगला पाळक आणि भांडकुदळ पाळक समोरासमोर उभे केलेत.

मग १६३१ च्या सुमाराची ती कविता, जिचं शीर्षक कॅल्विनच्याच लॅटिन शब्दांतून उचललंय: ‘डेक्रेटुम होरिबिले’, भयंकर फर्मान. पूर्वनियोजनाचा निर्णय भयंकर आहे हे आपण कबूल करतो, असं कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्वतः लिहिलंय. फॉन्डेलने ते दोन शब्द उचलून पाळण्यातल्या बाळांच्या नरकवासाचा प्रश्न विचारला. सिद्धान्तावरचा इतका थेट घाव त्याच्या आधीच्या कवितांत नाही. तरीही या कवितेवरून ‘पालामेडेस’सारखा खटला उभा राहिला नाही. कारण मधल्या काळात नगरसभा पालटली होती. १६२७-२८ पासून अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बिकर आणि डे ग्राफ यांच्या मवाळ गटाची सत्ता आली. जानेवारी १६३० मध्ये आग ओकणारा पाळक आड्रियान स्माउट यालाच शहराबाहेर काढलं गेलं. त्याच वर्षी रेमॉन्स्ट्रंटांनी कायझरग्राख्टवर घरांच्या मागे आपलं उपासनागृह बांधलं. रस्त्यावरून दिसत नाही एवढ्या अटीवर सगळं चालून गेलं.

विरुद्ध टोकाचं उदाहरण हवं असेल तर १५३८ चं विटेनबर्ग बघा. सिमोन लेम्निउस या तरुणाने लॅटिन सूक्तिकाव्याचे, म्हणजे आखूड टोचऱ्या कवितांचे, दोन भाग छापले, ते मायन्सच्या आर्चबिशपला, म्हणजे लूथरच्या हाडवैऱ्याला, अर्पण केले आणि गावातल्या प्रतिष्ठितांना चिमटे काढले. विद्यापीठ, चर्च आणि राजसत्ता तिथे एकाच गावात, एकाच बाजूची. लूथरने व्यासपीठावरून त्याचा निषेध वाचला, मुद्रकाला तुरुंग दाखवला गेला, लेम्निउस पळाला. त्याला पाठीशी घालणारी दुसरी सत्ता गावात नव्हतीच. त्याने सूड उगवला तो बाहेर गेल्यावर, आणखी घाणेरड्या कविता लिहून. लंडनमध्ये जून १५९९ मध्ये आर्चबिशप आणि बिशपने उपहासकविता आणि सूक्तिकाव्य यापुढे छापूच नये असा हुकूम काढला आणि काही पुस्तकं मुद्रकसंघाच्या दिवाणखान्यात जाळली गेली. सगळे मुद्रक एकाच संघात, एकाच शहरात, म्हणून हुकूम लागू करणं सोपं. डच कवींना मिळालेली सवलत उदारपणाची कमी आणि विखुरलेल्या अधिकारांची जास्त होती.

आता हातात आलेल्या प्रतीकडे. सुरुवात शीर्षकपानावरच्या गाव-मुद्रकाच्या ओळीपासून करतात, पण तिच्यावर विश्वास सगळ्यात शेवटी ठेवायचा. गाव नसणं, मुद्रक नसणं, ‘रसिकांसाठी छापलं’ असा मोघम मजकूर असणं किंवा नकाशात न सापडणारं गाव असणं, ही चोरीच्या छपाईची नेहमीची चिन्हं. सालही संशयानेच घ्यायचं. ‘पालामेडेस’च्या १६२५ हेच साल छापलेल्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. मुखपृष्ठं सारखी दिसली म्हणून आवृत्ती एक असं धरू नका. दोन प्रतींतलं एकच पान शेजारी ठेवून ओळी कुठे तुटतात, पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द दिलेला असतो तो कसा लिहिलाय, आणि ताव ओळखण्याची खूण (ए, ए२, ए३) नेमक्या कोणत्या अक्षराखाली येते हे ताडून बघा. खूण एका अक्षराने सरकली असेल तर जुळणी नव्याने झाली आहे. स्कॅनवरही हे जमतं.

कागदाचं मात्र स्कॅनवर जमत नाही. हातकागद उजेडासमोर धरला की साच्याच्या तारांच्या उभ्या-आडव्या रेषा दिसतात. त्यांतल्या जरा लांब अंतरावरच्या ठळक रेषा बघायच्या. क्वार्टोमध्ये त्या आडव्या येतात आणि जलचिन्ह शिवणीच्या घडीत मध्यावर अर्धं कापलेलं दिसतं. ऑक्टाव्होत (ताव तीनदा घडी) रेषा उभ्या आणि जलचिन्ह वरच्या आतल्या कोपऱ्यात. फोलिओत (ताव एकदाच घडी) रेषा उभ्याच, पण जलचिन्ह पानाच्या मध्यभागी. पुस्तक क्वार्टो म्हणून नोंदवलंय आणि एका पानाच्या रेषा उभ्या आहेत, असं दिसलं की ते पान नंतर दुसरीकडून आणून चिकटवलं असण्याची शक्यता धरायची. एका बाजूने छापलेल्या तावांची पुढे संग्राहकांनी घडी घालून, कडा छाटून बांधणी केली. त्यात तळाची ओळ, म्हणजे नेमकी मुद्रकाची ओळ, कात्रीत गेलेली असते. ‘मुद्रकाचं नाव नाही’ असं लिहिण्याआधी खालचा समास मोजा.

खिळ्यांची ओळख हे जास्त कसबाचं काम. शोभेची मोठी आद्याक्षरं, वेलबुट्टीच्या पट्ट्या आणि मोडका खिळा या गोष्टी मुद्रकाला पकडून देतात. तेव्हाच्या शेरीफलाही हे ठाऊक होतं आणि मुद्रकांनाही. म्हणून बेनामी तावावर शोभा जवळजवळ नसते. नुसतं साधं पान बघून ‘गरीब छापखाना’ असा निष्कर्ष काढतात, तो कच्चा. चांगल्या छापखान्यानेही मुद्दाम साधं छापलेलं असतं. शोभा दिसलीच तर त्याच पट्टीचा ठसा त्या वर्षांतल्या नाव छापलेल्या पुस्तकांत शोधायचा आणि पट्टीतली भेग किंवा चिरा तंतोतंत जुळतो का ते बघायचं. नुसता नमुना जुळणं पुरेसं नाही, कारण एकाच नमुन्याच्या पट्ट्या अनेकांकडे असत. ताम्रपट चित्राचं आणखी वेगळं. ते रुळाच्या यंत्रावर, वेगळ्या वेळी, बऱ्याचदा वेगळ्या कारखान्यात छापलं जाई, आणि खालची कविता खिळ्यांच्या यंत्रावर. त्यामुळे चित्राचं साल आणि कवितेचं साल एक असेलच असं नाही. जुन्या पत्र्यावर नवी कविता बसवणं स्वस्त पडे.

काही कवितांच्या डोक्यावर ‘चाल अमुक’ अशी सूचना असते. ती वगळू नका. ओल्डेनबार्नेवेल्टला शिक्षा देणाऱ्या २४ न्यायाधीशांना उद्देशून फॉन्डेलने आजाऱ्याच्या सांत्वनाचा आव आणून लिहिलेली कविता कडव्यांची, गाण्यासारखी आहे. माहीत असलेल्या चालीवर बसवलेलं गाणं एकदा पाठ झालं की कागद जाळून उपयोग नाही. पण त्याचा दुसरा परिणाम आपल्या कामावर होतो: असे मजकूर तोंडातोंडी फिरून मग छापले जातात, म्हणून त्यांचे पाठभेद मुद्रणदोष समजून दुरुस्त करू नयेत, आणि छापील साल म्हणजे रचनेचं साल असंही धरू नये. घटनेच्या उल्लेखावरूनही कविता त्याआधीची नाही एवढंच कळतं. १६१९ च्या शिरच्छेदावरची कविता १६१९ चीच असेल असं नाही. फॉन्डेलने त्या म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीवरची कविता १६५७ मध्ये छापली.

शेवटचा सापळा समासातला. जुन्या प्रतींत कोणीतरी शाईने पात्रांसमोर खरी नावं लिहिलेली असतात. अशा किल्ल्या छापूनही निघाल्या. उपहासकवितांचा टिपांसह संग्रह अ‍ॅमर्सफोर्टला १७०७ मध्ये आला, म्हणजे फॉन्डेलच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. हस्तलिखित किल्ली बघितली की आधी हस्ताक्षराचं वळण आणि शब्दांचं लेखन कोणत्या काळचं ते ठरवायचं, मग ती छापील किल्लीशी ताडायची. क्रम, चुका आणि गाळलेली नावं जर छापील टिपांसारखीच असतील, तर ती नुसती उतरवून घेतलेली आहे आणि समकालीन साक्ष म्हणून तिची किंमत शून्य. न जुळणारी नावं असतील तर ती प्रत बाजूला ठेवा, पानांचे फोटो काढा आणि नोंद करताना दोन्ही नावं द्या. मुख्य जोड्या, म्हणजे पालामेडेस आणि आगामेम्नॉन, निर्विवाद आहेत. दुय्यम पात्रांच्या बाबतीत ‘हा म्हणजे अमुक’ असं एकाच नावावर ठाम राहणं टाळावं, कारण एका पात्रात दोघातिघांचे दुर्गुण भरले की कोणालाही ‘हा मीच’ म्हणून फिर्याद करता येत नाही.